ताणजन्य मूत्रगळती आणि स्लिंग शस्त्रक्रिया : निर्णयापासून पूर्ण बरे होईपर्यंतची वाट

खोकला, शिंक, मोठ्याने हसणे, जड वस्तू उचलणे, धावणे, उडी मारणे अशा वेळी पोटातील दाब एकदम वाढतो आणि लघवी करण्याची इच्छा नसतानाही ती थोडीशी गळते. या त्रासाला ताणजन्य मूत्रगळती म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात त्याला स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स किंवा नुसते एसयूआय असे नाव येते. बाळंतपणानंतर आणि पाळी जाण्याच्या वयात हा त्रास फार मोठ्या संख्येने आढळतो, तरीही वर्षानुवर्षे पॅड वापरत राहून तो कोणाजवळही न बोलणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी आहे. ज्यांना यासाठी स्लिंग शस्त्रक्रिया, म्हणजे मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया, सुचवली गेली आहे किंवा ज्या स्वतःहून तिचा विचार करू लागल्या आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगणे आवश्यक वाटते. ही शस्त्रक्रिया जीव वाचवण्यासाठी नसून जगणे सुकर करण्यासाठी आहे. ती आज झाली नाही तर आजार हाताबाहेर जाईल असे नसते. त्यामुळे तुमच्याकडे वेळ आहे, प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे आणि गळतीचा त्रास किती मोठा आहे हे ठरवण्याचा शेवटचा शब्द तुमचाच आहे. पुढील प्रत्येक पायरीवर हे लक्षात ठेवावे.

गळती का होते

स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा असतो. तो बंद राहतो तो दोन गोष्टींमुळे. मूत्रमार्गाभोवतीचा स्नायू त्याला स्वतःहून आवळून धरतो आणि योनीची पुढची भिंत, तिच्याभोवतीच्या तंतूमय ऊती व ओटीपोटाच्या तळाचे स्नायू मिळून त्याला खालून आधार देतात. पाण्याची रबरी नळी कडक जमिनीवर असताना तिच्यावर पाय दिला तर पाणी लगेच थांबते, पण तीच नळी भुसभुशीत मातीवर असेल तर पाय दिल्यावर ती मातीत रुतते आणि पाणी वाहतच राहते. खोकताना पोटातील दाब मूत्रमार्गावर वरून पडतो, तेव्हा नेमके हेच घडते. खालचा आधार पक्का असेल तर मार्ग दाबला जाऊन बंद होतो, आधार सैल असेल तर तो खाली सरकतो आणि लघवी निसटते.

आधार सैल होण्याची कारणे अनेक आहेत. योनीमार्गे झालेली बाळंतपणे, विशेषतः चिमटा लावून झालेली किंवा फार लांबलेली, हे त्यांतले मोठे कारण आहे. वाढलेले वजन, जुनाट खोकला, वर्षानुवर्षे बद्धकोष्ठामुळे कुंथणे, सतत जड ओझी उचलणे, पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी होऊन ऊती पातळ होणे, हीही कारणे आहेत. काही स्त्रियांमध्ये आधार ठीक असतो, पण आवळणारा स्नायूच दुबळा झालेला असतो. पूर्वी झालेली शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा मज्जातंतूंचा आजार यांमुळे असे होऊ शकते. हा फरक शस्त्रक्रिया निवडताना महत्त्वाचा ठरतो, कारण स्लिंगची पट्टी मुख्यतः आधाराची उणीव भरून काढते.

पहिली पायरी : गळतीचा प्रकार ओळखणे

लघवी गळण्याचे सर्व प्रकार सारखे नसतात आणि स्लिंग शस्त्रक्रियेतून होणाऱ्या निराशेचे एक मोठे कारण हा फरक आधी न तपासणे हेच आहे. ताणजन्य गळतीत लघवीची भावना नसते. दाब आला की गळते, दाब गेला की थांबते. घाईच्या लघवीत मात्र अचानक तीव्र भावना होते, संडासापर्यंत पोहोचेपर्यंत धीर धरवत नाही आणि बरीच लघवी एकदम सुटते. यात दोष आधाराचा नसून मूत्राशयाच्या स्नायूच्या अवेळी आकुंचनाचा असतो आणि त्यावर स्लिंगचा उपयोग होत नाही, उलट काही वेळा घाई वाढते. अनेक स्त्रियांना दोन्ही त्रास एकत्र असतात. अशा वेळी कोणता त्रास अधिक छळतो हे ठरवून त्याच्यावरचे उपचार आधी करणे योग्य ठरते.

यासाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी साधन म्हणजे तीन दिवसांची नोंदवही. सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत किती वाजता काय आणि किती प्यायलात, किती वाजता किती मिलिलिटर लघवी झाली, केव्हा गळली आणि त्या क्षणी काय करत होतात, पॅड किती वेळा बदलले, हे सर्व लिहावे. लघवी मोजण्यासाठी खुणा असलेले एक प्लास्टिकचे भांडे पुरते. तीन दिवस सलग नसले तरी चालतील, पण त्यांतला एक दिवस कामाचा आणि एक घरी असतानाचा असावा. ही वही तपासणीला घेऊन गेल्यास अर्धे निदान तिथेच होते.

सतत, रात्रंदिवस, दाब नसतानाही लघवी झिरपत असेल, लघवीतून रक्त जात असेल, लघवी करताना मोठा जोर लावावा लागत असेल किंवा पायांत बधिरपणा व अशक्तपणा आला असेल, तर हा त्रास साधा ताणजन्य नाही असे समजून आधी त्याचा शोध घ्यावा. विशेषतः अवघड बाळंतपणानंतर किंवा गर्भपिशवी काढल्यानंतर सतत झिरपणे हे मूत्राशय व योनी यांच्यामध्ये छिद्र पडल्याचे लक्षण असू शकते.

दुसरी पायरी : तपासण्या

तपासणी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मूत्ररोगतज्ज्ञ करतात. ओटीपोटाच्या तळाच्या आजारांचे वेगळे प्रशिक्षण घेतलेले युरोगायनॅकॉलॉजिस्ट उपलब्ध असतील तर अधिक चांगले. प्रथम लघवीची तपासणी होते, कारण साधा जंतुसंसर्गही गळती वाढवतो. मग मूत्राशय भरलेले असताना जोराने खोकायला सांगतात आणि लघवी निसटते का ते प्रत्यक्ष पाहतात. ही चाचणी करून घेताना संकोच वाटणे स्वाभाविक आहे, पण डॉक्टरांना दिसलेले ते चार थेंब हाच शस्त्रक्रियेचा खरा आधार असतो, म्हणून तपासणीला जाण्यापूर्वी लघवी करून जाऊ नये. लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते हे सोनोग्राफीने मोजतात आणि अंग बाहेर येण्याचा त्रास आहे का तेही पाहतात. अंग खाली आलेले असेल तर दोन्ही दुरुस्त्या एकत्र करायच्या की वेगवेगळ्या, यावर स्वतंत्र चर्चा लागते.

मूत्राशयाचा दाब नळीने मोजणारी युरोडायनॅमिक चाचणी प्रत्येकीला लागत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ६३० स्त्रियांच्या अमेरिकी अभ्यासात साध्या ताणजन्य गळतीच्या स्त्रियांचे दोन गट केले होते. केवळ दवाखान्यातील तपासणीवर शस्त्रक्रिया झालेल्या गटात वर्षानंतर ७७.२ टक्के आणि आधी युरोडायनॅमिक चाचणी झालेल्या गटात ७६.९ टक्के स्त्रियांना यश मिळाले, म्हणजे फरक जवळपास नव्हताच. मात्र घाईचा त्रास जास्त असेल, पूर्वी याच कारणासाठी शस्त्रक्रिया झाली असेल, लघवी पूर्ण होत नसेल किंवा मज्जातंतूंचा आजार असेल तर ही चाचणी करून घ्यावी.

तिसरी पायरी : शस्त्रक्रियेआधीचे उपचार मनापासून करून पाहणे

या पायरीकडे केवळ औपचारिकता म्हणून पाहिले जाते याचे मला वाईट वाटते, कारण काही जणींची गरज येथेच भागते आणि ज्यांची भागत नाही त्यांनाही मजबूत झालेले स्नायू शस्त्रक्रियेनंतर उपयोगी पडतात. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम, ज्याला अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगल यांच्या १९४८ मधील लेखनामुळे केगल व्यायाम हे नाव मिळाले, किमान तीन महिने, शक्यतो फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करावा. ब्रिटनमधील नाइस या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेची मार्गदर्शिका दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी किमान आठ आकुंचने सुचवते.

योग्य स्नायू ओळखण्यासाठी वायू अडवताना गुदद्वार जसे आत ओढून घेतो तसे करावे आणि त्याच वेळी योनीही आत व वर ओढली जात असल्याची जाणीव घ्यावी. पोट, मांड्या आणि नितंब सैल असावेत, श्वास रोखू नये. आकुंचन सुरुवातीला तीन-चार सेकंद आणि हळूहळू दहा सेकंदांपर्यंत धरावे, मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावे. लघवी करताना धार मध्येच थांबवण्याचा सराव रोजचा व्यायाम म्हणून करू नये. खोकला किंवा शिंक येणार असे जाणवताच आधी स्नायू आवळण्याची सवय लावली तर तिचा परिणाम काही आठवड्यांतच दिसू लागतो.

नेदरलँड्समधील ४६० स्त्रियांच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने व्यायाम आणि स्लिंग यांची थेट तुलना केली. वर्षानंतर सुधारणा जाणवलेल्या स्त्रिया शस्त्रक्रियेच्या गटात ९०.८ टक्के, तर व्यायामाच्या गटात ६४.४ टक्के होत्या. व्यायामाच्या गटातील जवळपास निम्म्या स्त्रियांनी नंतर शस्त्रक्रिया करून घेतली. मध्यम ते तीव्र गळतीत शस्त्रक्रिया अधिक प्रभावी आहे हे यातून स्पष्ट होते, पण त्याच आकड्यांचा दुसरा अर्थही तितकाच खरा आहे : व्यायामाने सुरुवात केलेल्या सुमारे निम्म्या स्त्रिया त्या वर्षात शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेल्या नाहीत.

वजन जास्त असेल तर ते कमी केल्याचा फायदाही मोजला गेला आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सरासरी ८ टक्के वजन घटवलेल्या गटात आठवड्यातील गळतीचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले, तर तुलनेच्या गटात २८ टक्क्यांनी. जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठ यांवर उपचार करावेत. योनीत बसवण्याची पेसरी नावाची सिलिकॉनची कडी काहींना, विशेषतः फक्त व्यायामाच्या वेळी गळणाऱ्यांना, पुरेशी ठरते.

चौथी पायरी : शस्त्रक्रियेचा प्रकार समजून घेणे

स्वीडनचे उल्फ उल्मस्टेन आणि ऑस्ट्रेलियाचे पीटर पेट्रोस यांनी १९९० च्या सुमारास मांडले की मूत्रमार्गाच्या मध्यभागी आधार दिला की गळती थांबते. त्यावरून १९९६ साली टीव्हीटी नावाच्या शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध झाले. सुमारे एक सेंटिमीटर रुंदीची पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकची जाळीदार पट्टी मूत्रमार्गाच्या मध्याखाली झोळीसारखी ठेवायची, ताण न देता. दाब येतो तेव्हाच मूत्रमार्ग तिच्यावर टेकतो. पोट उघडावे लागत नाही, म्हणून ही कमी छेदाची शस्त्रक्रिया. पट्टीची टोके कोणत्या वाटेने न्यायची यावरून तिचे प्रकार पडतात.

पहिल्या, मूळ प्रकारात टोके जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाच्या पुढच्या हाडाच्या, मागून वर नेऊन ओटीपोटावरच्या दोन लहान छेदांतून बाहेर काढतात. सुई मूत्राशयाच्या जवळून जाते, त्यामुळे मूत्राशयाला छिद्र पडण्याचा धोका असतो. म्हणून शस्त्रक्रियेदरम्यान दुर्बिणीने मूत्राशय आतून पाहणे येथे अनिवार्य आहे. दुसऱ्या प्रकारात टोके ओटीपोटाच्या हाडातील छिद्रातून जांघेकडे नेतात. २००१ साली फ्रान्सचे डेलॉर्म यांनी बाहेरून आत आणि २००३ साली बेल्जियमचे डी लेव्हाल यांनी आतून बाहेर सुई नेण्याची पद्धत मांडली. यात मूत्राशयाला धोका कमी, पण जांघेत दुखण्याची व बधिरपणाची शक्यता जास्त. तिसऱ्या प्रकारात पट्टी आखूड असते, ती एकाच छेदातून बसवतात आणि टोके आतच अडकवतात.

पहिल्या दोन प्रकारांची तुलना करणारा ५९७ स्त्रियांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला आणि त्याचे आकडे नीट वाचण्यासारखे आहेत. चाचण्यांच्या निकषावर वर्षानंतरचे यश जघनास्थीमागील पट्टीत ८०.८ टक्के आणि जांघेकडील पट्टीत ७७.७ टक्के होते. स्त्रियांनी स्वतः सांगितलेल्या अनुभवाच्या कडक निकषावर मात्र हेच यश ६२.२ आणि ५५.८ टक्के होते. या दोन जोड्यांमधली दरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. खोकल्यावर गळत नाही हे डॉक्टरांना दिसणे आणि आपल्याला पूर्ण बरे वाटणे या वेगळ्या गोष्टी आहेत. अपेक्षा ठरवताना दुसरी जोडी डोळ्यांसमोर ठेवावी. त्याच अभ्यासात लघवी अडल्यामुळे पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण जघनास्थीमागील पट्टीत २.७ टक्के आणि दुसऱ्या गटात शून्य होते, तर पायातील अशक्तपणा वा बधिरपणासारख्या तक्रारी अनुक्रमे ४ आणि ९.४ टक्के होत्या.

आखूड पट्टीचा ब्रिटनमधील मोठा अभ्यास २०२२ साली आला. तीन वर्षांनंतर यश आखूड पट्टीत ७२ टक्के आणि पूर्ण लांबीच्या पट्टीत ६६.८ टक्के, म्हणजे आखूड पट्टी कमी ठरली नाही. पण शरीरसंबंधाच्या वेळी वेदना होण्याचे प्रमाण तिच्यात ११.७ टक्के होते, दुसरीत ४.८ टक्के. जिच्यासाठी ही बाब महत्त्वाची आहे तिला हा आकडा आधी कळायलाच हवा.

जाळीवरून जो मोठा वाद झाला त्याविषयी मोकळेपणाने बोलले पाहिजे. जाळीमुळे काही स्त्रियांना दीर्घकाळ वेदना झाल्या, जाळी योनीच्या भिंतीतून किंवा मूत्राशयात उघडी पडली आणि अनेकींच्या तक्रारी सुरुवातीला गांभीर्याने घेतल्या गेल्या नाहीत. इंग्लंडमध्ये जुलै २०१८ पासून मूत्रगळतीसाठी जाळी वापरण्यावर कडक निर्बंध आले आणि ज्युलिया कम्बरलेज यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीचा अहवाल जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या एफडीए या औषध व उपकरण नियामक संस्थेने एप्रिल २०१९ मध्ये अंग बाहेर येण्यावर योनीमार्गे बसवल्या जाणाऱ्या जाळीची विक्री थांबवली. तो आदेश मूत्रगळतीच्या स्लिंगला लागू नव्हता. त्या जाळीचा तुकडा मोठा असतो, स्लिंगची पट्टी अरुंद असते आणि दोन्हींच्या गुंतागुंतीचे प्रमाण सारखे नाही. म्हणून बातम्या वाचून घाबरून जाणे योग्य नाही आणि जाळी पूर्ण निर्धोक आहे असे म्हणणेही योग्य नाही. ती कायमची वस्तू आहे आणि ऊती तिच्या छिद्रांतून वाढल्यावर ती पूर्ण काढणे कठीण असते, जांघेकडे गेलेली तर विशेषच. याच कारणाने नाइसची मार्गदर्शिका काही खास परिस्थिती वगळता जांघेकडील मार्ग सुचवत नाही.

जाळी नको असेल तर पर्याय आहेत. स्वतःच्याच पोटाच्या स्नायूवरील आवरणाची पट्टी काढून तिची स्लिंग करता येते, किंवा बर्च शस्त्रक्रियेत योनीची भिंत टाक्यांनी वर उचलून धरतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ६५५ स्त्रियांच्या तुलनेत ताणजन्य गळतीपुरते यश स्वतःच्या आवरणाच्या पट्टीत ६६ टक्के आणि बर्चमध्ये ४९ टक्के होते, मात्र पट्टीच्या गटात मूत्रसंसर्ग आणि लघवीच्या अडचणी जास्त होत्या. छेद मोठा असल्याने बरे व्हायला अधिक दिवस लागतात. मूत्रमार्गाच्या भिंतीत जेल टोचून तो अरुंद करण्याचा उपायही आहे. तो फार सौम्य असतो, परिणाम स्लिंगपेक्षा कमी आणि पुन्हा टोचावे लागण्याची शक्यता असते. वय किंवा अन्य आजारांमुळे शस्त्रक्रिया टाळायची असेल तर तो विचारात घ्यावा.

पाचवी पायरी : शल्यचिकित्सकांशी बोलणे

प्रश्न लिहून न्यावेत आणि शक्य असल्यास घरचे कोणीतरी सोबत असावे. तुम्ही कोणता मार्ग सुचवता आणि माझ्या बाबतीत तोच का? वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता? दुर्बिणीने तपासणी करणार का? लघवी अडली किंवा जाळी उघडी पडली तर ती तुम्ही हाताळता की दुसरीकडे पाठवता? पट्टीचे नाव, प्रकार आणि बॅच क्रमांक मला लेखी मिळेल का? या प्रश्नांनी कोणत्याही चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही. उत्तरे टाळली जात असतील तर दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्यावे.

आणखी मुले हवी असतील तर ते आवर्जून सांगावे. पुढील गरोदरपण आणि बाळंतपण यांमुळे गळती परत येऊ शकते, म्हणून सहसा कुटुंब पूर्ण झाल्यावरच ही शस्त्रक्रिया करण्याचा सल्ला दिला जातो.

सहावी पायरी : तयारी

घेत असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या हे त्यांनीच ठरवावे. स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. मधुमेह आटोक्यात असावा, धूम्रपान थांबवावे, मूत्रसंसर्ग असेल तर तो आधी बरा झालेला असावा. पाळी गेलेल्या स्त्रीच्या योनीच्या ऊती पातळ झालेल्या असल्यास काही आठवडे इस्ट्रोजेनचे मलम लावायला सांगतात. भूल देण्यापूर्वी साधारण सहा तास घन आहार आणि दोन तास साधे पाणीही बंद ठेवावे लागते. नेमक्या वेळा भूलतज्ज्ञ सांगतील. घरी परतल्यावर सहा आठवडे जड कामे दुसरे कोणी करेल, याची व्यवस्था आधीच करून ठेवावी.

सातवी पायरी : शस्त्रक्रियेचा दिवस

शस्त्रक्रिया साधारण अर्ध्या तासाची असते. भूल स्थानिक, कमरेतून किंवा पूर्ण अशी कोणतीही असू शकते. स्थानिक भूल आणि गुंगीत तुम्हाला खोकायला सांगून पट्टीची सैलता जुळवता येते, हा तिचा लाभ आहे. पाय आधारावर ठेवून पाठीवर झोपवतात, मूत्राशय नळीने रिकामे करतात आणि योनीच्या पुढच्या भिंतीवर मूत्रमार्गाच्या मध्याखाली एक ते दीड सेंटिमीटरचा छेद घेतात. दोन्ही बाजूंना बारीक वाट करून सुईने पट्टी नेतात. जघनास्थीमागील प्रकारात दुर्बिणीत मूत्राशयाला सुई लागलेली दिसली तर ती काढून पुन्हा नीट घालतात आणि नळी एक-दोन दिवस जास्त ठेवतात. वेळीच लक्षात आले तर सहसा कायमचे नुकसान होत नाही. पट्टी आणि मूत्रमार्ग यांच्यामध्ये एखादे उपकरण धरून मगच पट्टीवरचे प्लास्टिकचे आवरण काढतात, म्हणजे पट्टी घट्ट बसत नाही. पट्टीला टाके घालत नाहीत. सुरुवातीला ती घर्षणाने टिकते आणि पुढच्या काही आठवड्यांत ऊती तिच्या छिद्रांत वाढून तिला धरून ठेवतात. योनीतील छेदाचे टाके विरघळणारे असतात.

घरी सोडण्यापूर्वी तुम्हाला लघवी नीट होते का हे पाहतात. अनेक ठिकाणी मूत्राशयात सुमारे ३०० मिलिलिटर द्रव भरून नळी काढतात आणि त्यातील निदान दोन तृतीयांश बाहेर आले की चाचणी यशस्वी मानतात. यात अपयश आले तर नळीसह घरी जावे लागते किंवा दिवसातून काही वेळा स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामे करायला शिकवतात. हे ऐकून धीर खचू देऊ नये. सूज उतरली की बहुतेकींना काही दिवसांत लघवी नीट होऊ लागते.

आठवी पायरी : पहिले सहा आठवडे

चालणे त्याच दिवशी सुरू करावे. योनीतून एक-दोन आठवडे किरकोळ रक्ताचे डाग किंवा पिवळसर स्राव येऊ शकतो. लघवीची धार पूर्वीपेक्षा मंद वाटते आणि काहींमध्ये ती पुढेही थोडी मंद राहते. लघवीला निवांत बसावे, झाल्यासारखे वाटल्यावर थोडे पुढे वाकून पुन्हा प्रयत्न करावा, पण कुंथू नये. बद्धकोष्ठ होऊ न देणे या काळात औषधाइतकेच महत्त्वाचे आहे.

सहा आठवडे शरीरसंबंध, टॅम्पॉन, पोहणे आणि टबमध्ये बसणे टाळावे, चार ते पाच किलोपेक्षा जड काहीही उचलू नये. दुखणे थांबले की ही मर्यादा मोडण्याचा मोह होतो, आणि ते दहा-पंधरा दिवसांतच थांबते. परंतु ऊतींनी पट्टी धरलेली नसताना ओझे उचलले तर ती जागची सरकू शकते. बैठे काम एक-दोन आठवड्यांत, अंगमेहनतीचे काम चार ते सहा आठवड्यांनी सुरू करता येते. वाहन चालवण्यापूर्वी एकदम जोरात ब्रेक दाबताना दुखत नाही याची खात्री करावी.

पुढील गोष्टी दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे : मूत्राशय भरल्याची जाणीव असूनही काही तास लघवी न होणे, तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, ३८ अंश सेल्सियस किंवा अधिक ताप, वाढत जाणारी ओटीपोटातील वेदना किंवा सूज, पोट फुगणे आणि उलट्या, पिंढरी सुजणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे.

नववी पायरी : पुढील महिने आणि वर्षे

पहिली तपासणी साधारण सहा आठवड्यांनी होते. योनीची आतून तपासणी करून जाळी झाकलेली आहे का हे पाहायला हवे. ती तपासणी न करताच सर्व ठीक असल्याचे सांगितले जात असेल तर स्वतःहून विचारावे.

काही तक्रारी उशिरा दिसतात. नव्याने घाईची लघवी सुरू झाली तर औषधे आणि मूत्राशयाला हळूहळू थांबण्याची सवय लावण्याचा सराव यांनी बहुतांशी आराम पडतो. लघवी सतत अडत राहिली तर पट्टी सैल करतात किंवा मधोमध कापतात. पहिल्या दोन आठवड्यांत सैल करणे सोपे असते, म्हणून अडण्याची तक्रार लांबवू नये. कापल्यावरही अनेकींची गळती परत येत नाही. स्राव, मधूनच रक्ताचे डाग, किंवा जोडीदाराला काहीतरी टोचणे ही जाळी उघडी पडल्याची लक्षणे आहेत. छोटा भाग उघडा असेल तर इस्ट्रोजेनच्या मलमाने तो झाकला जाऊ शकतो, अन्यथा तेवढा भाग कापून टाके घालतात. वारंवार मूत्रसंसर्ग होत असेल किंवा लघवीतून रक्त जात असेल तर दुर्बिणीने मूत्राशय तपासून घ्यावे. जांघेतील किंवा ओटीपोटातील वेदना काही महिन्यांनंतरही टिकून असेल आणि ती मनाची आहे असे कोणी सांगत असेल, तर जाळी काढण्याचा अनुभव असलेल्या तज्ज्ञांकडे जावे.

दीर्घकालीन परिणामांबाबत आश्वासक माहिती आहे. मूळ टीव्हीटी झालेल्या ९० स्त्रियांच्या गटाचा १७ वर्षांनंतरचा आढावा २०१३ साली प्रसिद्ध झाला आणि ज्यांची तपासणी होऊ शकली त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक स्त्रियांना चाचणीत गळती नव्हती. व्यायाम मात्र सोडू नये, कारण पट्टी फक्त एका जागी आधार देते आणि बाकीचा तळ स्नायूंवरच उभा असतो.

पट्टीचे नाव व बॅच क्रमांक असलेला कागद, शस्त्रक्रियेचा अहवाल आणि कोणता मार्ग वापरला याची नोंद एका फाइलमध्ये जपून ठेवावी. त्या कागदाचा एक फोटो मोबाइलमध्येही असावा. पुढे कधीही ओटीपोटाची, गर्भपिशवीची किंवा मूत्राशयाची शस्त्रक्रिया ठरली किंवा पुन्हा गरोदर राहिलात, तर तेथील डॉक्टरांना ही फाइल पहिल्याच भेटीत दाखवावी.